चढावर घसरलेला आशीर्वाद

आरिस्मेंदी,
वैशाखातला कुठलातरी दिवस
(तिथी लिहीत नाही. या घरात सध्या मला पंचांग उघडायची बंदी आहे. कारण पुढे येईलच.)

तीर्थस्वरूप दत्तादादास,

श्रीपादचा दोन्ही हात रिकामे करून नमस्कार. रिकामे करून अशासाठी म्हटलं, की आत्तापर्यंत उजव्या हातात तारेचा ब्रश होता. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीचा रक्तदाब? गोठ्यातली मांजर यंदाही व्यायली का? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, तू मात्र ते खरं धरू नकोस. सासरे माझ्याशी बोलत नाहीत, सासूबाई त्यांच्या वाटचंही बोलतात, गार्बिन्ये (तुझी धाकटी भावजय) दोघांकडे बघून हसते आणि मी या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालतो. हे पत्रसुद्धा एका बैठकीत होत नाहीये. दोन ओळी झाल्या की उठून खिडकीशी जातो, समोर पाचिकूचं सायडरचं (म्हणजे सफरचंदाच्या दारूचं) दुकान दिसतं, दुकानात ती दिसते, की परत येऊन बसतो. ती म्हणजे बाई नव्हे. बाई असती तर एव्हाना कुणीतरी समजूत घालून मिटवलं असतं. ती सायकल आहे.

माझे सासरे सातुर्निनो तुला आमच्या लग्नाच्या फोटोत दिसले असतील, टोपी न काढता बसलेले. व्युत्पत्ती पाहिली तर नाव थेट शनीवरून आलंय (ही गोष्ट मी लग्नाआधी पाहायला हवी होती). गाव त्यांना सातुर म्हणतं, आम्ही घरात आइता म्हणतो, म्हणजे बाबा. तरुणपणी ते सायकलच्या शर्यती खेळत. फार पुढे गेले नाहीत, पण त्यांची निळी सायकल जेवणघरात भिंतीवर टांगलेली असे, आपल्याकडे जिथे देवांच्या तसबिरी असतात तिथे. याच सायकलच्या दांड्यावर बसून आमा, म्हणजे सासूबाई, शेजारच्या खोऱ्यातून या घरात आल्या. ‘चालत आले असते तर वाटेत विचार बदलायला वेळ मिळाला असता,’ असं त्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात, पण त्या सायकलवरची धूळ दुसऱ्या कुणाला पुसू देत नसत. आता त्या भिंतीवर सायकलच्या आकाराचा पांढरा डाग आहे. भोवतीची भिंत चुलीच्या धुरानं पिवळी पडलेली, त्यामुळे नसलेली सायकल असलेल्या सायकलीपेक्षा जास्त उठून दिसते. (पाठशाळेत आम्हाला ‘अभाव’ हासुद्धा एक पदार्थ आहे असं शिकवायचे, आणि तू खो खो हसायचास. एकदा इथे येऊन या पदार्थासमोर जेवायला बस, म्हणजे हसणं बंद होईल.)

इथल्या माणसाला पैजेवाचून चैन पडत नाही. दगड कोण जास्त वेळा उचलतो, ओंडका कोण आधी तोडतो, कुणाचा मेंढा टक्कर सोडून मागे फिरतो, सगळ्यावर पैज. ती लागते चोकोत. चोको म्हणजे पुरुषमंडळींनी मिळून घेतलेलं तळघर. त्यात चुली, लांब टेबल, भिंतीला लागून सायडरच्या बाटल्या आणि प्रत्येक सभासदाच्या खिशात किल्ली. बायकांना स्वयंपाक नीट येत नाही या एका श्रद्धेवर ही संस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. (मी शाकाहारी असल्याचं सभासद होतानाच सांगितलं होतं. सगळ्यांनी मनापासून दुःख व्यक्त केलं आणि तेव्हापासून माझ्या पानात काळ्या घेवड्याची उसळ पडते; तीतला मांसाचा तुकडा पाचिकू स्वतःच्या हातानं उचलून घेतो आणि ‘आता शुद्ध झालं’ म्हणतो.) चोकोतल्या पैजेत पैशाला कुणी शिवत नाही. वस्तूपुढे त्याच जातीची वस्तू ठेवायची: मेंढ्यापुढे मेंढा, पिंपापुढे पिंप. शब्द उच्चारून हातावर हात आपटला की विषय संपला. आणि हरलेली वस्तू विकत परत मागायची नसते. मागणारा पुन्हा त्या टेबलाशी बसू शकत नाही. तिच्या तोलामोलाची दुसरी वस्तू पुढे ठेवून नवी पैज लावायची, एवढी एकच वाट असते. (हे ध्यानात ठेव, दादा. मी उगाच लांबण लावत नाहीये.)

तर यंदा वसंतातल्या आठवडाभराच्या शर्यतीचा एक टप्पा आमच्या गावात संपणार असं जाहीर झालं, आणि तोही खाली चौकात नव्हे, सान मार्तीनच्या देवळीपर्यंत जो चढ जातो त्याच्या माथ्यावर. हा चढ मी तुला दाखवणार नाही. नुसता बघून गुडघे दुखतात. तुला वाटेल, चढ म्हटला की जो दमदार तो जिंकला. तसं असतं तर पैजा कशाला लागल्या असत्या! सपाटीवरचा शेवट असेल तर वेगवान गडी सांगता येतो, मोठ्या पर्वतावरचा असेल तर चिवट गडी सांगता येतो. पण दिवसभर दऱ्याखोऱ्यांतून पिळून निघाल्यावर शेवटी असा आखूड, भिंतीसारखा चढ आला, की ब्रह्मदेवही हात वर करतो. पायथ्याशीच उसळी मारणारा माथ्यावर पोचेपर्यंत रिकामा होतो, आणि दुसऱ्याच्या उसळीची वाट बघणारा वाटच बघत राहतो. म्हणून चोकोत नुसतं नाव सांगून चालत नाही. उसळी कुठून, तेही सांगावं लागतं: धुण्याच्या हौदापासून, अक्रोडाच्या वळणावरून, का देवळीच्या पायऱ्या दिसल्यावर.

मी या विषयात तोंड घालायला नको होतं. आमचं तर्कशास्त्र एवढंच सांगतं, की डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असं समजावं. आरिस्मेंदीत डोंगरावर धूर दिसला तर तिथे सॉसेज भाजत असतात, सॉसेजभोवती सगळा गाव असतो आणि गावाच्या मधून सायकलवाले वर जात असतात. त्यांतला पुढचा कोण, हे धुरावरून सांगता येत नाही. पण त्या संध्याकाळी चोकोत पाचिकू आइतांच्या समोर येऊन बसला. (पाचिकू म्हणजे आइतांचा बालमित्र, बालमित्र म्हणजे जन्मभर ज्याच्याशी भांडण चालू ठेवायचं तो.)

“काय सातुर, यंदा तोंड शिवलंयस का? का जावयाला विचारल्याशिवाय बोलायची परवानगी नाही?” पाचिकूनं सुरुवात केली. “त्यांच्याकडे म्हणे कोंबडीचं लग्न ठरवायलासुद्धा ग्रह बघतात.”

“माझ्या जावयाला सहा शास्त्रं येतात,” आइता म्हणाले. “तुला तुझ्या पिंपाची तोटी धड बंद करता येत नाही.”

“मग बोलू दे की त्याला! सांगा शास्त्रीबुवा, कोण येतोय वर आधी?”

‘ठाऊक नाही’ हे दोन शब्द मला पाच भाषांत येतात, दादा. त्यांतली एकही त्या क्षणी उपयोगी पडली नाही. सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं, कुणीतरी माझा पेला भरला आणि मला एकदम विद्वत्ता चढली. मी म्हटलं, वर येणार बेन्यात. बेन्यात ओलासागास्ती आमच्या गावच्या बेकरीवाल्याचा मुलगा, आता मोठ्या संघाकडून शर्यती खेळतो. शाळेत असल्यापासून हा चढ त्याच्या पायांखालचा. ज्याला रस्त्याची सवय त्यालाच उसळीची वेळ कळते. आणि ती वेळ म्हणजे अक्रोडाचं वळण, कारण तिथे चढ सगळ्यांत उभा आहे आणि मागच्यांना पुढचं दिसत नाही. हेतू, दृष्टांत, निष्कर्ष, सगळं यथासांग झालं. आइतांनी टोपी मागे सारली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, लग्नातसुद्धा.

“निळी लावतो,” ते म्हणाले.

चुलीशी उभा असलेला माणूस डाव हातात घेऊन वळला. पाचिकूचा चेहरा उतरला, कारण तोलामोलाची वस्तू त्याच्याकडे एकच होती. “मग मी माझ्या बापाची लावतो,” तो म्हणाला. ती लाकडी धावांची, आइतांच्या सायकलीपेक्षाही म्हातारी. मग त्यानं वर्तमानपत्र मागवलं. पाचिकूची भाकिताची पद्धत सोपी आहे: सातुर बोलेल तो सोडून दुसरा कुणीही. त्यानं यादीवर बोट ठेवलं. “हा. डच दिसतोय.”

“अरे, त्यांच्या देशात टेकडीच नाही!” कुणीतरी ओरडलं.

“म्हणूनच. घाबरायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसणार. उसळी तुझ्याच वळणावरून, सातुर, म्हणजे तुला जवळून बघता येईल.” हातावर हात आपटला. त्या आवाजानं मला अजूनही दचकायला होतं.

आता खरं तर गप्प बसायचं. पण मला पुढचे दिवस अन्न गोड लागेना. पाणी प्यायला उठलो की ती निळी सायकल दिसे, नि वाटे, आपण केलेल्या अनुमानाला थोडा टेकू द्यावा. शर्यतीच्या आदल्या दुपारी गाव रस्त्यावर नावं रंगवतं, ती रीतच आहे. सगळे बादल्या घेऊन चढावर होते. कुणी बेन्यातचं नाव लिहीत होतं, कुणी मेंढा काढत होतं. मी म्हटलं, अक्रोडाच्या वळणावर आपण रस्ताभर आशीर्वाद लिहू. देवनागरीत. ‘विजयी भव’. लोक चुन्यानं लिहितात. माझा चुना ‘वि’ संपेपर्यंत संपला. आइतांनी घरून खिडक्यांच्या झडपांना द्यायचा हिरवा तैलरंग आणला, तकतकीत, आमांनी तीन दुकानं हिंडून पसंत केलेला. अक्षर बरं आहे माझं, तुला माहीतच आहे. पण माझा खरा जीव शिरोरेषेत. ती मी या कडेपासून त्या कडेपर्यंत, वीतभर जाड, एकदा सुकल्यावर दुसरा हात देऊन काढली. फक्त दोन शब्दांमध्ये रीतीप्रमाणे जागा सोडली.

“हे काय, धुणं वाळत घातलंय का?” वरून येणाऱ्या बायकांनी विचारलं.

“माझा जावई लिहितोय,” डबा धरून उभे असलेले आइता म्हणाले. “दहा हजार वर्षांची लिपी आहे.” मी ते दुरुस्त केलं नाही. (माणूस आपल्याबद्दल अभिमानानं चुकीचं बोलत असेल तर संशोधकानंही थोडं थांबावं.)

दुसऱ्या दिवशी भुरभुर होती. तिला इथे पाऊस म्हणत नाहीत, हवेचा स्वभाव समजतात. अक्रोडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. आइता दोरीला चिकटून, त्यांच्या शेजारी पाचिकू, मागे मी. खालून आरडाओरडा चढत आला, मोटारी गेल्या आणि वळणावर बेन्यात दिसला; पुढे तो, आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटून एक लांबोडका मनुष्य, तोंड वासलेला, लाल, पाचिकूचा तो डच. बाकीचे कुठेच नव्हते. आइतांनी न बघता माझं मनगट पकडलं. आणि दादा, बेन्यात नेमका तिथे, मी सांगितलं होतं तिथेच, पायांवर उभा राहिला आणि त्यानं उसळी मारली! (माझं अर्धं भाकीत शब्दशः खरं ठरलं. हे या गावात कुणी बोलत नाही.) त्याचं चाक अक्षरांवरून वर गेलं, अक्षरांनी काही केलं नाही. मग ते शिरोरेषेवर आलं. भुरभुरीनं ओला झालेला तैलरंग, उभा चढ आणि सगळं वजन पुढे. मागचं चाक जागच्या जागी गरगरलं, सायकल आडवी झाली आणि बेन्यातनं पाय टेकला. अशा चढावर एकदा पाय टेकला की संपलं. पुन्हा निघायला वेग लागतो आणि वेग यायला निघावं लागतं. लोकांनी त्याला ढकललं, तो रडत रडत निघाला. तो डच मात्र हँडल किंचित वळवून ‘विजयी’ आणि ‘भव’ यांच्यामधल्या जागेतून वर निघून गेला. सुईत दोरा गेल्यासारखा. त्याला काही कळलंही नसेल.

माझं मनगट सुटलं. अक्रोडाखालच्या सगळ्या माणसांनी आधी रस्त्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. हे अक्षर कुणाचं, असा प्रश्न या खोऱ्यात कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

घरी येऊन आइतांनी सायकल भिंतीवरून उतरवली, पुसली, दोन्ही चाकांत हवा भरली आणि खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडला. चालवत नेली नाही, कारण आता ती त्यांची नव्हती. पाचिकूनं ती पिंपांच्या वर, नेमकी आमच्या खिडकीसमोर टांगली. तेव्हापासून आइता जेवताना खुर्ची फिरवून बसतात, तर समोर तो डाग येतो. पुन्हा फिरवतात, तर खिडकी. जेवण होईपर्यंत ते होकायंत्राच्या सुईसारखे हलत असतात. पाचिकू मला रोज एक बाटली पाठवतो, ‘शास्त्रीबुवांना, हस्ताक्षराबद्दल’ म्हणून. आमा म्हणतात, “झडपा बिनरंगाच्या राहिल्या, नवरा बिनसायकलचा राहिला, आणि तू, पोरा, घेवडा खाऊन घे.” नगरपालिकेनं मला तारेचा ब्रश दिलाय. चुन्याचं ‘वि’ पहिल्याच दिवशी गेलं, बाकीची अक्षरंही घासून घासून पुसट झाली. रेघ हलत नाही.

बेन्यात गुणी मुलगा. दुसऱ्याच आठवड्यात गुडघ्याला पट्टी बांधून घरी आला, आमांसाठी पाव घेऊन. मला म्हणाला, “काका, एवढं विचारायचं होतं. तिथे लिहिलं काय होतं?”

“विजयी भव,” मी म्हटलं. “म्हणजे, तू जिंक.”

त्यानं बराच विचार केला. “नाव घालायला हवं होतं, काका,” तो म्हणाला. “त्या डचला वाटलं असेल, आपल्यालाच म्हणतायत.”

आता थांबतो. खिडकीशी जाऊन यायचं आहे. वहिनीला नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद (तोंडी कळव, लेखी द्यायचं मी सोडलंय).

तुझा,
श्रीपाद

ता. क. — मुद्द्याचं राहिलंच. तुझ्या गोठ्याच्या आढ्याला ती काळी सायकल टांगलेली आहे ना, जिच्या दांड्याखालून पाय घालून मी शिकलो आणि मारुतीच्या ओट्यावर जाऊन आदळलो? वहिनी तिला भंगारवाल्याला द्यायचं म्हणते आणि तू दर वेळी आजारी पडतोस, ती. ती मला पाठव. तुझा जीव तिच्यात आहे हे मला ठाऊक आहे, पण निळी परत यायची तर तिच्यापुढे तोलामोलाची सायकल ठेवावी लागेल, आणि दुकानातून आणलेली नवी त्या टेबलावर चालत नाही. खोक्यावर पत्ता रोमन अक्षरांतच लिही. देवनागरी दिसली तर आइता खोकं घरात घेणार नाहीत.

आणखी एक. — गार्बिन्येला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, मीच मूर्ख आहे. आइता रोज सकाळी फिरायला म्हणून जातात ते तेलाची कुपी खिशात घालून पाचिकूकडे. पाचिकूला साखळीला तेल द्यायची अक्कल नाही, म्हणून. त्यानं सायकल हात पोचेल एवढ्या उंचीवर टांगलीय तीही त्याचसाठी. दोघं तिच्याखाली बसून बटाट्याचं ऑम्लेट खातात आणि मला शिव्या देतात. इतकं त्यांचं आयुष्यभरात जमलं नव्हतं. माझ्याशी बोलत नाहीत ते दुःखानं नव्हे. बोलले तर कुठे जाता ते सांगावं लागेल. तेव्हा वरचा ता. क. खोडणार होतो. खोडत नाही, कारण आत्ताच आइता खोलीत आले.

शेवटचं. — ते माझ्याशी बोलले! म्हणाले, “तुझ्या भावाची ती सायकल, तू मागे सांगितली होतीस ती, जुनी आहे ना चांगली?” मी म्हटलं, आहे. “मग ठीक.” काल चोकोत त्यांनी ती पुढच्या वर्षीसाठी लावली. बेन्यातवर. हातावर हात आपटून झालाय, तेव्हा तुला विचारायचं आता काही उरलं नाही. मी रंगाला हात लावायचा नाही, एवढीच अट आहे. सायकलला काही इतिहास आहे का, असं टेबलानं विचारलं, तर आइतांनी सांगितलं, की हिच्या दांड्यावर बसून नवरी मोठा घाट चढून सासरी आली. वहिनी एस.टी.नं आली होती हे मला आठवतं, आणि वाटेत साधा उंचवटासुद्धा नाही हेही. पण पाचिकू खात्री करायला पत्र लिहीन म्हणतोय. तेव्हा वहिनीला एवढंच सांगून ठेव, की कुणी विचारलं तर ती दांड्यावर बसली होती, आणि घाट फार मोठा होता.